गार फेरी

"तापलेल्या मोटरला लगेच 'बरी आहेस ना' असं विचारू नकोस. रागावलेल्या माणसासारखी असते ती, तेव्हा खरं सांगत नाही. उद्या विचार," असं वाइंडरमामा तिला म्हणाले होते, आणि "हो मामा, हो" म्हणत तिने हसून त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. बारा दिवस झाले त्याला. तेव्हा तिच्या कानाला फोन होता आणि पाळणाघरातल्या बाई पलीकडून सांगत होत्या की तिच्या लेकीचं, टिल्लीचं, अंग कोमट लागतंय, ताप असा नाही, पण लागतंय कोमट, तर तुम्ही येताय का. कोमट या एका शब्दाने तिच्या डोक्यात घर केलं आणि मामांचं बोलणं बाहेरच्या बाहेर परत गेलं. मामांनी चाळीस वर्षं हाताने मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, केलं होतं. तांब्याची तार नुसती बोटांत धरून ते तिची जाडी सांगत. पण चार दिवसांनी ते निवृत्त होणार होते, त्यांचे हात थरथरायला लागले होते, आणि निवृत्त होणाऱ्या माणसाचं बोलणं आपण सगळेच जसं ऐकतो तसं तिने ते ऐकलं होतं, मान हलवून, घड्याळाकडे बघत.

आज सकाळी मात्र ती पाच वाजल्यापासून टक्क जागी होती. भीतीने नव्हे. सहलीच्या दिवशी शाळेतल्या पोरी जशा अंधारातच दप्तर भरून बसतात तसं तिचं झालं होतं. अकरा वाजता गाडी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने पळणार होती. कंपनीची पहिली वेगवान विजेची गाडी, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि तिच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरी. त्या मोटरी तिने निवडल्या होत्या. दीड वर्ष ती साहेबांशी भांडली होती त्यांच्यासाठी. साहेबांना इंडक्शन मोटर हवी होती, जिच्या आत चुंबक नसतोच. बाहेरून वीज खेळवली की आतल्या तांब्याच्या पिंजऱ्यात तेवढ्यापुरतं चुंबकत्व येतं, वीज तोडली की जातं. दणकट, साधी, तिचं काही हरवत नाही कारण तिच्यापाशी स्वतःचं काही नसतंच. आणि हिला हवी होती कायम चुंबकांची मोटर. लहानशी, हलकी, तेवढ्याच विजेत जास्त जोर देणारी, पुन्हा पुन्हा पळवली तरी न दमणारी. आत फिरणाऱ्या दांड्यावर चुंबकांच्या चिपा आणि त्या वेगात सुटून उडू नयेत म्हणून वरून कार्बनच्या धाग्यांचं घट्ट वेष्टण. साहेब म्हणायचे, बाई, तुमची ही मोटर नाजूक तब्येतीची आहे, तिला ऊन लागतं. ती म्हणायची, साहेब, तुमची पहिल्या दोन फेऱ्यांतच घामाघूम होते. सगळं वर्कशॉप हसायचं. शेवटी आकडे तिच्या बाजूने बोलले आणि साहेबांनी कागदावर सही करताना पेन जरा जास्तच दाबलं होतं.

दूध तापत होतं. ओव्हनमध्ये पाव भाजत होता. नवरा टिल्लीला मोजे घालायच्या खटपटीत होता आणि टिल्ली एक घातला की दुसरा काढत होती. तेवढ्यात ओव्हनच्या बाजूच्या पत्र्यावरून लसीकरणाचं कार्ड घसरलं आणि त्यामागचा चुंबक फरशीवर पडून टण्णकन वाजला. एवढंच झालं. रुपयाएवढी चकचकीत चकती, तीन महिन्यांपूर्वी नमुन्यांच्या डब्यातून तिनेच आणलेली. आणली तेव्हा फ्रिजवरून ती ओढून काढायला नखं लागायची. तिने ती उचलली, ओव्हनच्या पत्र्याला लावली, चकती सुस्तावल्यासारखी खाली घसरली. गरम आहे म्हणून असेल, असं ती मनात म्हणाली. नळाखाली धरली, पुसली, चांगली गार केली आणि फ्रिजला लावली. कार्डासकट ती सावकाश, जराही घाई न करता, फ्रिजवरूनही खाली आली. तिसऱ्या वेळी तिने कार्ड लावलंच नाही, नुसती चकती लावून पाहिली. ती राहिली, पण कशीबशी, पाहुण्यासारखी. "काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली आणि दूध उतू गेलं.

चुंबक गरम झाला की कमजोर होतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. गार झाला की बरंचसं परत येतं, हेही. पण बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. त्याच्या सोसण्याच्या पलीकडे एकदा तापला की काही भाग कायमचा जातो, मग कितीही गार करा. हे ती नव्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असे, आणि आकृतीतल्या त्या वाकड्या रेषेपाशी तिचा खडू हमखास मोडत असे. पण फळ्यावरची रेष वेगळी आणि फ्रिजवरून घसरणारं आपल्या मुलीचं कार्ड वेगळं. आणि गंमत म्हणजे तिला वाटली ती नुसती भीती नव्हती. कोड्याचं टोक हाती लागल्यावर होतं तसं काहीतरी होतं. नऊ वर्षांची असताना बाबांच्या बंद पडलेल्या दाढीच्या मशीनमधली मोटर तिने चमच्याने उचकटली होती. आत दोन वाकडे चुंबक निघाले, एकमेकांजवळ नेले की हातातून निसटून पळणारे. मधल्या मोकळ्या जागेत काही नसून काहीतरी आहे, आणि ते आपल्या बोटांना ढकलतंय, हे कळून ती दिवसभर जेवलीच नव्हती. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन यंत्रं एकमेकांशी जुळवताना तीन दिवे मंदावत मंदावत एकाच क्षणी विझत आणि त्याच क्षणी खटका ओढायचा असे. तो क्षण चुकू नये म्हणून बाकीच्या मुली डोळे बारीक करत, ही मात्र श्वास रोखून ऐकत असे. आणि सातव्या महिन्यात ती काचेमागे उभी असताना मोटर पहिल्यांदा मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांना पोचली. तो आवाज वर वर चढत शेवटी आवाजच राहिला नाही, नुसती दातांत शिरशिरी उरली, आणि पोटात टिल्लीने अशी लाथ मारली की तिच्या हातातली वही पडली. मामा म्हणाले होते, बघ, हिला पटली.

चप्पल घालता घालता तिचं लक्ष टिल्लीच्या बाहुलीकडे गेलं. बाहुलीच्या डोक्याला लाल पट्टी बांधलेली. वाइंडिंगवर गुंडाळतात ती सुती पट्टी, एका टोकाला कात्रीने तिरकी कापलेली. ती तिच्याच पर्समधून निघालेली असणार, बारा दिवसांपूर्वीच्या. मग मात्र ती दारातच बसली, एक पाय चपलेत आणि एक बाहेर.

मामांची रीत होती ती. कंपनीच्या कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती, पण मोटर जोराच्या चाचणीतून तापून उतरली की मामा तिच्या दांड्याला लाल पट्टी बांधत. दुसऱ्या दिवशी, मोटर आतपर्यंत गार झाल्यावर, ती वीज न देता नुसती फिरवायची आणि ती स्वतःहून किती व्होल्ट काढते ते बघायचं. याला म्हणायचं गार फेरी. आतला चुंबक शाबूत असेल तर आकडा जिथल्या तिथे येतो. तो आला की पट्टी कापायची, आणि पट्टी असलेल्या मोटरीला फिटर हात लावत नसत. त्या दिवशी डावी मोटर चाचणीवर होती. मोटर गार ठेवणाऱ्या तेलाचा पंप नऊ सेकंद उशिरा सुरू झाला आणि तेवढ्यात आतलं तापमान चढलं. तिने लगेच, मोटर गरम असतानाच, फिरवून आकडा घेतला. चौदा टक्के कमी. त्यापुढे तिने लिहिलं, 'गरम असल्यामुळे'. गरम असल्यामुळे दहा टक्के तर जातातच, अकराही जातात, मग चौदा का नाही. कोमट, कोमट, कोमट, असं डोक्यात चाललेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फिटर मोटर गाडीत बसवायला येणार होते, पट्टी राहिली तर सगळ्यांचा खोळंबा. तिने पट्टी कापली, पर्समध्ये कोंबली आणि पाळणाघराकडे धावली. तिथे कळलं की नवऱ्याने सकाळी टिल्लीला एकावर एक दोन स्वेटर घातले होते. एक काढल्याबरोबर पोरगी गार. मायलेकी घरी येईपर्यंत हसत होत्या. टिल्लीची गार फेरी त्या दिवशी झाली. मोटरची राहिली.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानांची शटरं वर जात होती, झाडूवाले पानं गोळा करत होते, आणि प्रत्येक चौकात बस थांबली की पुन्हा सुटताना विजेच्या बसची ती गुळगुळीत ओढ पाठीला लागत होती. यातली मोटर कुठली असेल, हा चाळा तिला रोजचा होता. आज त्याच ओढीत तिला भिंगरी दिसत होती. भिंगरी म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण, गाड्यांच्या चाचण्या घेणारी चालक. लहानपणी जिना उतरायच्या ऐवजी कठड्यावरून घसरायची म्हणून घरात पडलेलं नाव. आज त्या गाडीत तीच बसणार होती. डावी मोटर चार-पाच टक्के कमजोर असेल तर काय होईल? शहरात काहीच होणार नाही. पण सरळ रस्त्यावर पूर्ण जोर मागितला की उजवं चाक पुढे रेटेल, डावं मागे राहील, आणि गाडी नाक डावीकडे वळवेल. कमजोर मोटर तेवढ्याच कामाला जास्त वीज मागणार, जास्त विजेने जास्त तापणार, तापून आणखी कमजोर होणार. सरळ रस्त्याच्या शेवटी डावीकडे भिंत होती. ती भिंत तिने शंभरदा पाहिली होती, तिच्यावर टायर रचलेले होते, आणि त्या टायरांवर बसून भिंगरीने कितीदा डबा खाल्ला होता.

आणि तरी, ही गोष्ट तिने पुढे कुणालाच सांगितली नाही, चार चौक ओलांडेपर्यंत तिने फोन काढला नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी निवडलेल्या मोटरीला ऊन लागलं, आणि लागलंय हे मी दडवलं? दडवलं नव्हतं, विसरले होते. पण बारा दिवस विसरणं आणि दडवणं यांत बाहेरून बघणाऱ्याला काय फरक दिसतो? साहेब पेन काढतील. इंडक्शन येईल. दीड वर्ष पाण्यात. पोचल्यावर बघू, अकराला अजून वेळ आहे, आधी डोळ्यांनी खात्री तर करून घेऊ. मन असं पायरी पायरीने खाली उतरत होतं आणि तिला ते दिसत होतं. मग एकदम आठवलं की साडेआठला भिंगरी दोन हळू फेऱ्या मारते, गाडी जरा गरम करायला. गरम. एकदा का ती गरम झाली की मोटर पुन्हा खोटं बोलणार. गारपणी खरं विचारायला पंधरा मिनिटं उरली होती.

तिने भिंगरीला फोन लावला, लागला नाही. गाडीत बसताना ती फोन बाहेर ठेवते. मग साहेबांना लावला.

"साहेब, गाडी गरम करू देऊ नका," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मान वळवली. "डाव्या मोटरीची गार फेरी झालेली नाही. पट्टी मी काढली होती."

मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही?"

"मीच."

"मामांना माहीत होतं?"

"त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

फोन बंद न करताच साहेब कुणालातरी म्हणाले की पोरीला उतरवा गाडीतून, आधी उतरवा, मग प्रश्न विचारा. ते ऐकून तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याच वेळी, काय म्हणावं याला, अंगातून एक स्वच्छ लाट गेली. आता काहीही निघो. आता आकडा बघायचा होता फक्त, आणि आकडा बघायला तिला नेहमीच आवडत आलं होतं.

ती पोचली तेव्हा गाडी चार टेकूंवर उभी होती, मागची चाकं हवेत. हेल्मेट काखेत मारून भिंगरी टायरांच्या ढिगावर बसली होती. "वहिनी, हे कालच सांगितलं असतंस तर मी आज आठपर्यंत लोळले असते," ती म्हणाली, आणि उठून पुढे झाली, हिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून म्हणाली, आता रडू नकोस, आत वाफ धरते. मोटर हात लावून बघितली, सबंध रात्र उघड्यावर राहिलेली, गार. आधी उजवी फिरवली, वीज तोडली, सुटी फिरताना पडद्यावर आकडा आला. जिथल्या तिथे. मग डावी. सगळे पडद्याभोवती असे जमले होते की जणू क्रिकेटचा शेवटचा चेंडू. आकडा आला आणि फिटरने जीभ चावली. पाच टक्के कमी. साहेबांनी पुन्हा फिरवायला लावली. पुन्हा पाच.

साहेबांनी खिशाला लावलेलं पेन चाचपलं, आणि तिला वाटलं, संपलं. पण त्या पाच टक्क्यांकडे बघताना तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी सुरू झालं होतं. बसमधल्या ओढीपासूनच ते सुरू असावं. दीड वर्ष आपण ही की ती असं भांडत होतो. रोजचा गाडा ओढायला चुंबकाचीच मोटर हवी, मागे, हलकी, काटकसरी. पण सगळा जोर तिच्याचकडून का काढायचा? पुढे एक इंडक्शन ठेवली तर? जोर हवा तेवढ्या चार-सहा सेकंदांपुरती ती जागी होईल, मग वीज तोडायची, की ती नुसती घरंगळत राहील. तिच्यात चुंबक नाही, म्हणून तिची ओढ नाही, अडथळा नाही. म्हणजे मागच्या मोटरींना इतकं तापावंच लागणार नाही. तिने जमिनीवरचा खडूचा तुकडा उचलला आणि काँक्रीटवरच गाडी काढायला लागली, दोन मागे, एक पुढे, बाण, आकडे. बोलताना तिला दम लागत होता. खडू मोडला, तिने अर्ध्यानेच पुढे काढलं. फिटर गुडघ्यांवर बसले. साहेब उभेच होते, मग तेही वाकले. पुढच्या बाणावर बोट ठेवून ते म्हणाले, "म्हणजे माझी घामाघूम होणारी पुढे."

"दोनच फेऱ्या पळायचंय तिला साहेब. नंतर आरामच आहे."

भिंगरी फिस्सकन हसली. साहेबांनी पेन काढलं, पण सहीसाठी नाही. त्यांनी तिच्या खडूच्या गाडीत पुढच्या मोटरीचा आकडा दुरुस्त केला. मग सरळ होत, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले की पट्टीचं आपण सोमवारी बोलू, आणि ते बोलणं तुम्हाला आवडणार नाही. ती हो म्हणाली. ते तिला मान्य होतं. ती खडूतली गाडी नंतरची, अजून वर्षभराने होणारी. आज मात्र आहे ती पळवायची होती. राखीव मोटर कपाटात होती, तिची गार फेरी मामांनी स्वतः करून चिठ्ठी लावलेली, अक्षर थरथरतं पण आकडा नीट. तीसुद्धा तिने आज पुन्हा करून घेतली. पंप आता आधी सुरू होईल आणि मोटर मग, अशी तार फिटरने बदलली. अकराचे चार झाले. नवऱ्याचा फोन येऊन गेला, टिल्लीने दोन्ही मोजे काढले, बाकी क्षेम.

आता गाडी रेषेवर उभी आहे. भिंगरीने काचेआडून अंगठा दाखवला. हिच्या कानावर हेडफोन आहे, समोर दोन आकडे आहेत, डावा आणि उजवा, आणि ते जुळ्या बहिणींसारखे एकसारखे आहेत. छाती अशी धडधडतेय की कुणी बघितलं तर हसेल. फक्त एक खुर्ची रिकामी आहे. मामा येणार होते. दहालाच येतो म्हणाले होते, नव्या शर्टाची घडी मोडणार होते. सकाळपासून तिने सात वेळा फोन लावला, प्रत्येक वेळी पूर्ण वाजून बंद झाला. मामा एकटे असतात. जिना उंच आहे. झोप लागली असेल, फोन दुसऱ्या खोलीत असेल, चष्मा सापडत नसेल. ती स्वतःला हे सगळं सांगते आहे, आणि गरम असताना मनही खरं बोलत नाही हे तिला आता माहीत आहे. तिला इथून हलता येत नाही, गाडीत तिचं माणूस आहे. इथल्या प्रत्येकाचा हात कशात ना कशात अडकला आहे.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही मामांच्या घराच्या बाजूला असाल तर जरा जाऊन या. खाली शिंप्याचं दुकान आहे, वर तिसरा मजला, दार हिरवं. बेल वाजवून भागणार नाही, मोटरींच्या आवाजाने डावा कान गेलाय त्यांचा. दारावर हाताने जोरात थापा मारा, थांबा, पुन्हा मारा. दार उघडलं की सांगा, डावी मोटर बदलली. ते बाकी काही विचारणार नाहीत, एवढंच विचारतील, गार फेरी केली का. हो म्हणा. दोनदा केली म्हणा. आणि दार उघडलं नाही तर परत फिरू नका, शिंप्याला हाक मारा.